टवका

दात पडला म्हणावं तर पडला नाही. मोडला म्हणावं तर तेवढी त्या घटनेची ऐपतही नव्हती. वरच्या पटाशीच्या दोन दातांपैकी डावीकडच्याचा खालचा कोपरा गेला, तांदळाच्या कणीएवढा. याला मराठीत एकच नेमका शब्द आहे, टवका. टवका कपाचा उडतो, बशीचा उडतो, जात्याच्या पाळीचा नाहीतर उंबऱ्याच्या फरशीचा उडतो. माणसाचाही उडतो, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळलं.

कसा उडाला हे सांगायला लाज वाटते, कारण त्यात पराक्रम काही नाही. दिवस हुरड्याचे होते, म्हणून पहिल्या चार-पाच जणांना मी 'हुरड्यात खडा लागला' असं ठोकून दिलं. त्यांनी हळहळ व्यक्त केली, पण लगेच 'कोणाच्या शेतात?' अशी चौकशीही केली, तेव्हा ते खोटं फार लांबवता येईना. खरं असं की घनसावंगीकडून जालन्याला येताना काळीपिवळीच्या मागच्या बाकावर बसून मी स्टीलच्या बाटलीतून पाणी पीत होतो. गतिरोधक आला. मी उडालो, बाटली उडाली, आणि खाली येताना दोघांची गाठ माझ्या दातापाशी पडली. 'टक्' एवढाच आवाज. शेजारच्या आजींच्या पिशवीतली कोंबडीसुद्धा दचकली नाही.

'जालना, सोने का पालना' असं आमच्या गावाबद्दल जुनी माणसं म्हणत आली. आता गावाची ओळख सोन्यापेक्षा लोखंडाची आहे. चाळीस वर्षं स्टीलच्या गावात काढल्यावर शेवटी स्टीलनंच दात पाडावा, यात काहीतरी न्याय असेल. अर्थात जालन्यात होतात त्या सळया. ती बाटली बिचारी परगावची, मेव्हण्यांच्या वास्तुशांतीत आहेराच्या बदल्यात आलेली. उगाच गावाला बोल नको.

उडालेला तुकडा मात्र सापडला नाही. तो पाण्याच्या घोटाबरोबर पोटात गेला. लहानपणी दुधाचा दात पडला की आजी तो शेणाच्या गोळीत घालून छपरावर फेकायला लावायची आणि उंदराकडे बदल्यात त्याच्यासारखा दात मागायची. उंदरानं तो व्यवहार बत्तीस वेळा नाही तरी बऱ्याच वेळा चोख पाळला. आता छप्पर स्लॅबचं, उंदीर पिंजऱ्यातले आणि दात माझ्याच पोटात. मागायचं कुणाकडे?

त्या दिवसापासून जिभेला धंदा मिळाला. बसल्या जागी ती वर जाऊन तो कोपरा चाचपून यायची. आरशात बघितलं तर कणीएवढाच खड्डा, पण जिभेच्या मापानं तो घाणेवाडीच्या तलावाएवढा. जीभ मुळात अतिशयोक्ती करणारी, दातात अडकलेलं पेरूचं बी तिला बोराएवढं लागतं. आणि मी तर बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलेला माणूस. वर्णमाला शिकवताना 'त, थ, द, ध, न म्हणताना जीभ कुठे लागते बघा' असं सांगून मुलांना दंत्य वर्ण पाठ करायला लावले होते. तेव्हा दात हा माझ्या लेखी व्याकरणातला भाग होता. आता माझाच 'स' शीळ घालू लागला. 'शिस्त' म्हणालो की पाखरू उडाल्यासारखं वाटायचं. जेवताना चटणी मागितली की आधी वारा यायचा, मग चटणी.

शेजारी तात्या आहेत. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमधून निवृत्त झालेत. गुडघे गेलेत, पण भट्टीचा अभिमान गेलेला नाही. माझा दात त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, तोंड उजेडाकडे करायला लावून पाहिला. मग आत जाऊन टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला सळईचा वीतभर तुकडा घेऊन आले. त्याचं कापलेलं तोंड माझ्यापुढे धरलं.

"सर, हे बघा. कडंनं गोल रिंग दिसती का, जराशी काळपट? अन् मधी गाभा येगळा?"

दिसत होती. निदान दिसते असं मला वाटलं.

"लाल सळई रोलमधून निघाली की तिच्यावर पाण्याचे फवारे मारतेत. वरचं साल एकदम गार होऊन कडक होतंय. आतला गाभा गरमच राहतो. मंग ती आतली गरमी बाहीर येती अन् सालाला जरा शेकून काढती. म्हणून वरून कडक, आतून चिवट. नुसती कडक केली तर काचंवाणी मोडंल. नुसती नरम केली तर स्लॅब बसंल. याला म्हणायचं टीएमटी."

मी म्हणालो, "तात्या, दातही असाच असतो." आणि खरंच तसाच असतो. वरचं एनॅमल हा आपल्या अंगातला सगळ्यांत कठीण पदार्थ, वजनाच्या मानानं शंभरात शहाण्णव भाग नुसतं खनिज. कठीण आहे, पण चिवट नाही. त्याच्याखाली डेंटिनचा पिवळसर थर. तो त्या मानानं मऊ, थोडं सोसणारा. वरच्या कवचाला चीर गेली तरी ती पुष्कळदा या थराच्या हद्दीवर येऊन थांबते. म्हणून माझा टवकाच उडाला, दात उभा फाटला नाही. सगळ्यांत आत मऊ गर, त्यात रक्त आणि नस.

तात्यांनी सळईकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. "म्हंजे देवानं आधीच टीएमटी करून ठेवलेली हाय," म्हणाले, आणि आपल्या कंपनीला कुणीतरी पेटंटासाठी नोटीस धाडल्यासारखे गप्प बसले.

सळई आणि दात यांत एक फरक मात्र आहे, आणि तो आपल्या तोट्याचा आहे. सळई पुन्हा भट्टीत घालता येते. हाड मोडलं तर प्लास्टरात बसून जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. एनॅमलला ही सोय नाही. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येता येताच संपून जातात. गवंडी घर बांधून निघून गेला, जाताना मोबाइल नंबरही ठेवला नाही, अशातला प्रकार. पुढे जे काही करायचं ते बाहेरच्या माणसानं, बाहेरचा माल वापरून.

आणि बाहेरची माणसं आपल्याकडे कमी नसतात.

मुंबईच्या भाच्यानं व्हिडिओ कॉलवर दात पाहिला आणि म्हणाला, "मामा, व्हेनियर करून टाका, सहाच्या सहा दातांना. स्माइल डिझाइन म्हणतात. सकाळी वंदे भारतमध्ये बसा, दुपारी इथं." मी विचारलं, "टवका एका दाताचा उडाला आहे, बाकीच्या पाचांचा गुन्हा काय?" व्हेनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायची चिनी मातीच्या जातीची पातळ टिकली. हे सुरू झालं तेच मुळी सिनेमावाल्यांसाठी. साधारण १९३०च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर अशा पातळ चकत्या तात्पुरत्या चिकटवून द्यायचे. शूटिंग संपलं की काढून ठेवायच्या. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही म्हण आपण हत्तीवरून केली, त्यांनी ती नटांवर करून दाखवली.

मेव्हणे म्हणाले, "कॅपच घाला. एकदाची कटकट गेली." मेव्हण्यांचा स्वभावच असा. त्यांच्या घराचं एक कौल गळायला लागलं तेव्हा त्यांनी घर पाडून बंगला बांधला होता. ती बाटली त्याच बंगल्याच्या वास्तुशांतीची.

गावाकडच्या एका आत्याबाईंनी फोनवरच निदान केलं की हा किडा आहे. त्यांच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी रिंगणीच्या बियांची धुरी देणारी बाई यायची. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, वर नळी धरून धूर दाढेला घ्यायचा आणि थोड्या वेळानं पाण्यात पांढरे किडे पडलेले दिसायचे. ते किडे म्हणजे तडतडून फुटलेल्या बियांचेच अवशेष असावेत, अशी माझी समजूत आहे. पण आत्याबाईंना मी ते सांगितलं नाही. बियाण्याच्या धंद्यावर नाव कमावलेल्या गावातला माणूस, बियांबद्दल वाईट कशाला बोला.

तात्यांच्या घरातल्या वहिनींचा सल्ला सगळ्यांत वेगळा होता. त्या दर अंगारकीला रात्रभर चालत राजूरच्या गणपतीला जाणाऱ्या. राजूर म्हणजे साडेतीन गणेशपीठांतलं एक मानतात, जालन्याहून पंचवीसेक किलोमीटर. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आपला देवच एकदंत. परशुरामाचा परशू वडिलांनी दिलेला म्हणून त्यानं तो दातावर झेलला. कुणी म्हणतं, महाभारत लिहायला मोडला. पण त्यानं परत बसवून घेतला का?"

"देवाला लग्नात फोटो काढायचे नव्हते, वहिनी."

"त्याचे तर घरोघरी फोटो आहेत," त्या म्हणाल्या.

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आणि फोटोची गोष्ट मी उगाच बोललो नव्हतो. गावाकडे धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. मुलीचा थोरला काका म्हणून मला सगळ्या फोटोंत उभं राहायचं होतं. घरात मी हा विषय काढला तेव्हा ही म्हणाली, "दिसणार कुणाला आहे? तुम्ही हसता कुठं?"

तेवढ्यावर मी आरशापुढे जाऊन हसण्याचा सराव केला. डावीकडून पाहिलं तर टवका दिसायचा. मान थोडी वळवली, उजवी बाजू पुढे केली, वरचा ओठ जरा आवरला, की दिसायचा नाही. दोन-तीनदा करून पाहिलं. मान वळवायची ती तऱ्हा मी कुठंतरी पाहिली होती असं सारखं वाटत राहिलं. माणसाची नाही, हाताची. मग आठवलं.

आमच्या गावाकडच्या घरात कपबशा सहा होत्या, निळ्या काठाच्या. त्यांतल्या एकीच्या कपाचा टवका उडालेला होता. तो कप आईनं फेकला नाही. तो घरात वापरलाही नाही. गोठ्याच्या देवळीत तो पालथा ठेवलेला असायचा, आमच्या सालगड्यांसाठी. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. त्यांच्या खांद्यावर बसून ओढ्याला जायचो, पण त्यांचा कप वेगळा होता आणि हे आम्हाला कुणी सांगावं लागत नव्हतं. चहा वरून, हात न लागता, ओतला जायचा. मामा उकिडवे बसायचे, कप दोन्ही हातांत धरायचे आणि पिण्याआधी तो हळूच फिरवून घ्यायचे. कानाच्या बाजूनं प्यायचे. मी एकदा विचारलं, "मामा, असं वाकडं कामून पिता?" ते म्हणाले, "इकडली कड शाबूत हाय, बाळा."

पिऊन झालं की ते तो स्वतः धुऊन परत देवळीत ठेवायचे, टवका भिंतीकडे करून.

हे आठवल्यावर मी आरशापुढून बाजूला झालो आणि दंतवैद्याकडे निघालो. याचा आणि त्याचा काय संबंध, ते मला नीट सांगता येणार नाही.

आमच्या जिल्ह्याला ऐन वेळी पळून जाण्याची थोर परंपरा आहे. समर्थ रामदास आमच्याच जांबचे, जन्म १६०८ चा. लग्नाच्या मांडवात 'सावधान' ऐकलं आणि ते निघाले ते थेट नाशिककडे. दंतवैद्याच्या खुर्चीत मागं रेललो, वरचा दिवा डोळ्यांवर आला आणि आवाज आला, "आ करा." त्या क्षणी समर्थांचं मन मला पूर्ण कळलं. पण पळणं जमलं नाही, कारण छातीवर कागदी फडकं बांधलेलं होतं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, ओळखलं नाही का? तुम्ही मला सातवीला होतात."

ओळखलं. तिसऱ्या बाकावरची, सतत खिदळणारी. हिला मी वर्षभर एकच वाक्य ऐकवलं होतं, "दात काढू नकोस." आणि तिनं पुढे पाच वर्षं शिकून तोच धंदा पत्करला.

"तुमचं ऐकलं सर मी," ती मास्कच्या आतून म्हणाली. "दात शक्यतो काढत नाही. वाचवते."

मग तिनं दाताचा एक्स-रे काढला, थंड हवेची फुंकर मारून पाहिली. फुंकरीसरशी एक सणक कपाळापर्यंत गेली. म्हणजे वरचं कवच जाऊन आतलं डेंटिन थोडं उघडं पडलं होतं. पण नस झाकलेली होती. मध्ये गुलाबी ठिपका दिसला असता, रक्त आलं असतं, तर प्रकरण वेगळं, मग त्याच दिवशी धावायचं असतं, आठवडाभर शेजाऱ्यांचे सल्ले घेत बसायचं नसतं. तिनं तुकड्याबद्दलही विचारलं. तुकडा सापडला आणि दुधात नाहीतर साध्या पाण्यात ओला ठेवून आणला, तर पुष्कळदा तोच परत चिकटवता येतो. मी तो कुठे आहे ते सांगितलं. ती परत खिदळली. मी सवयीनं काहीतरी म्हणणार होतो, पण माझ्या तोंडात आरसा होता.

उपाय तिनं मला जसे समजावले तसे समजावणारा शिक्षक मला बत्तीस वर्षांत होता आलं नाही. म्हणाली, "सर, एकच हिशेब धरा. तुमचा स्वतःचा दात किती घासावा लागतो? टवका अगदी बारीक, नुसत्या कवचाचा असेल तर कड घासून गुळगुळीत करायची, संपलं. तुमचा त्याहून मोठा आहे. मग कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं राळेसारखं मिश्रण लावून कोपरा नव्यानं घडवायचा. यात तुमचं जवळजवळ काही जात नाही. व्हेनियरला पुढून पातळ थर काढावा लागतो. कॅपला चहूबाजूंनी दात कोरून खुंटी करावी लागते. अर्धाअधिक दात गेला असेल, रूट कॅनाल झालं असेल, तर कॅप हवीच. पण घासलेला दात परत येत नाही. तुम्ही शुद्धलेखनाची एक वेलांटी चुकली म्हणून वही फाडायचात का?"

नव्हतो फाडत. वेलांटी तेवढी दुरुस्त करायला लावायचो. वेलांटीच करायचं ठरलं.

पैशाचं म्हणाल तर वेलांटी हजारात होते, कॅपला त्याच्या काही पट, व्हेनियरला एका दाताला एवढे की भाच्याच्या सहा दातांच्या हिशेबात माझी एक जुनी स्कूटर सहज आली असती. अर्थात वेलांटी जन्मभराची नसते. पाच-सात वर्षांनी, जपली तर आणखी थोडी, तिची डागडुजी करावी लागते. त्रेसष्टाव्या वर्षी मला हा करार पुरेसा वाटला.

आधी रंग जुळवायचा. तिनं एक पट्टी काढली, तीवर ओळीनं सोळा दात लावलेले, जणू रंगाच्या दुकानातलं शेड कार्ड. प्रत्येकावर अक्षर आणि आकडा. मी त्यांत 'पांढरा' शोधत होतो. तो नव्हता. सगळे पिवळट, तांबूस, करडे, राखी, एकेका आयुष्याच्या चहाचे रंग. ती एकेक दात माझ्या दाताशेजारी धरून खिडकीच्या उजेडात बघत होती. "ए-थ्री," शेवटी म्हणाली. मी आजवर ए-थ्री हा कागदाचा आकार समजत होतो. हे आधीच का, तर दात कोरडा पडला की थोडा वेळ उगाच पांढरा दिसतो आणि मग त्याच्यावरून केलेली निवड दुसऱ्या दिवशी चुगली करते.

नंतर दातावर निळी जेल लावली. "हे काय?" मी जमेल तसं विचारलं. "ॲसिड, सर. फॉस्फोरिक." मी खुर्चीचे हात घट्ट धरले. पंधरा-वीस सेकंदांत तिनं ती धुतली, वाळवली आणि आरसा दिला. दाताची कड खडूसारखी भुरकी दिसत होती.

मला एकदम आमच्या वाड्यातली टाकीवाली आठवली. पाटा वापरून वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण सरकायचं, धरायचं नाही. मग 'टाकीऽऽ' अशी हाळी देत ती यायची आणि छिन्नी-हातोडीनं पाट्याला बारीक बारीक टोचे मारून तो खरखरीत करायची. इथं तेच चाललं होतं. आम्ल एनॅमलवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पाडतं, त्यात पातळ राळ शिरते आणि धरून बसते. ही युक्ती मायकेल बुओनोकोर नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं १९५५ साली मांडली. आणि त्याला ती सुचली कशावरून, तर कारखान्यात लोखंडी पत्र्याला रंग नीट बसावा म्हणून तो आधी याच आम्लानं धुतात यावरून. हे संध्याकाळी तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग? आमच्याच लाइनचं काम हाय ते."

पुढचं काम बघण्यासारखं होतं, पण मी रुग्ण असल्यामुळे मला छतच दिसत होतं. दोन दातांमध्ये पारदर्शक पट्टी सरकवली. लोण्यासारखं मिश्रण चिमटीभर घेऊन बारीक पात्यानं थापलं, मग निळा दिवा लावला. "दिव्याकडे बघू नका सर." वीस सेकंद. पुन्हा एक थर, पुन्हा दिवा. निळ्या उजेडानं ते लोणी दगड होतं. आतला थर जरा गडद, अपारदर्शी, वरचा काचेसारखा, म्हणजे माणसाची टीएमटी. मग घासणं. निळा कागद दातांत धरून "चावा" म्हणायचं, जिथं ठिपका उमटेल तिथं घासायचं, पुन्हा "चावा". असं सात-आठ वेळा चावून मला वाटलं काम झालं. पण ती शेजारच्या दाताकडे बघत बसली.

"सर, तुमच्या या उजव्या दाताची कड थोडी झिजलेली आहे, तिरकी. याचीपण तशीच झिजवते. नाहीतर हा एकटाच विशीतला दिसेल."

आणि तिनं तो नवा कोरा कोपरा, पाच मिनिटांपूर्वी घडवलेला, हळूहळू त्रेसष्ट वर्षांचा केला. मला वाटतं तिनं फी घेतली असेल तर ती या दोन मिनिटांची.

निघताना सूचना मिळाल्या. पुढच्या दातांनी ऊस सोलायचा नाही, पेरू फोडी करून खायचा, दोरा आणि पुडे तोडायला कात्री असते. दोन महिन्यांनी दाखवायला यायचं, कारण मार बसलेल्या दाताची नस कधीकधी मागाहून बंद पडते आणि दात काळवंडतो. "आणि सर, दोन दिवस चहा नाही. हळद तर अजिबात नाही, डाग धरतो."

दुसऱ्या दिवशी पुतणीची हळद होती.

गावाकडच्या त्या मांडवात एक माणूस सगळ्या जिल्ह्याला ठाऊक असलेल्या रंगापासून तोंड वाचवत फिरत होता. वहिन्या-भावजया वाट्या घेऊन मागे लागायच्या आणि मी तोंड मिटून, ओठ आत ओढून पुढे पळायचो. लोकांना वाटलं, काकांना मुलगी सासरी चालल्याचं वाईट वाटतंय. जेवायला मला बिनहळदीचं वरण केलं होतं. ते इतकं फिकट होतं की वाढणारीनं दोनदा विचारलं, "कोणाचं पथ्य आहे का?"

लग्नाच्या दिवशी फोटोवाल्यानं मला चार वेळा "काका, जरा हसा" म्हटलं आणि मी सरळ समोर बघून हसलो. हिनं नंतर फोटो पाहिले. दातांबद्दल काही बोलली नाही. "फेटा वाकडा झालाय," म्हणाली.

वऱ्हाड गेल्यावर, तिसऱ्या प्रहरी, भावाच्या घरात आम्ही चारपाच जण ओसरीवर पसरलो होतो. कढई-पातेली घासायचे आवाज येत होते. दोन दिवसांची मुदत संपून तीन-चार तास झाले होते. भावाची नवी सून ट्रे घेऊन आली. लग्नघर, कपांची पळवापळव झालेली, जे हाताला लागले ते तिनं भरले होते. माझ्या हातात आलेल्या कपावर अंगठा फिरला आणि कडेला थांबला. तिनं ते पाहिलं आणि एकदम कावरीबावरी झाली.

"अहो मामंजी, थांबा. टवका उडालाय त्याचा. दुसरा आणते."

"राहू दे," मी म्हणालो.

कप हळूच फिरवून घेतला आणि कानाच्या बाजूनं प्यालो. चहात साखर जरा जास्त होती.